उकळलं की झालं?

पाणी उकळून, गार करून प्यावे, हे वाक्य मी या सदरात किती वेळा लिहिले असेल याची मोजदाद नाही. मृगाचा पाऊस तोंडावर आला की आम्हा सदर लिहिणाऱ्या बायकांचे ते ठरलेलेच वाक्य. त्यामुळे आज जे लिहायला बसले आहे ते लिहिताना मनातून ओशाळल्यासारखे झाले आहे. पण घडले ते माझ्याच परसात, तेव्हा झाकून तरी कुणापासून ठेवू?

आमचे घर तालुक्याच्या गावी, एका जुन्या कॉलनीत आहे. आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये कमरेएवढी भिंत. तिच्यावरून कढीपत्ता, विरजण, दिवाळीचा फराळ आणि गेली काही वर्षे पाणीसुद्धा इकडून तिकडे जाते. म्हणजे असे, की मार्च उजाडला की आमचा बोअर उचक्या देऊ लागतो. पाच मिनिटे पाणी, पंधरा मिनिटे नुसता फुसफुसाट. मग शेजारच्या वहिनी त्यांच्या बोअरची नळी भिंतीवरून आमच्या टाकीत सोडतात. एका शब्दाने कधी बोलून दाखवले नाही बिचारीने.

गेल्या वैशाखात त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. महिना-दीड महिन्याने आईचे दूध बाळाला पुरत नाही असे सगळ्यांनी मिळून ठरवले (हे ठरवणाऱ्यांत डॉक्टर सोडून बाकी सगळे होते!) आणि पावडरचे दूध सुरू झाले. वहिनींचे काम मोठे चोख. पाणी फडक्याने गाळायचे, घड्याळ लावून वीस मिनिटे खळखळ उकळायचे, झाकून गार करायचे आणि मग त्यात पावडर. बाटली, बूच, चमचा सगळे उकळलेले. मी कौतुक केले तर म्हणाल्या, "अहो ताई, तुमच्याच सदरात वाचलंय ना!"

इकडे आमच्याकडे ह्यांचे पोट महिन्यात दोनदा बिघडले. पहिला पाऊस पडून गेल्यावर पाण्याला किंचित वास येऊ लागला होता. हे म्हणाले, आंब्यांमुळे असेल. मी मात्र नमुना घेऊन जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत गेले. नळी वहिनींच्या बोअरची, तेव्हा पाणीही त्यांचेच. आठ दिवसांनी अहवाल घ्यायला गेले तर खिडकीशी एक तरुण मुलगी होती. कागद हातात देताना म्हणाली, "काकू, पाण्यात जंतू निघालेत. आणि नायट्रेट अठ्ठ्याऐंशी आहे. पंचेचाळीसच्या वर जायला नको."

मी म्हटले, "बरं, आजपासून उकळूनच घेते."

तर ती म्हणाली, "जंतू मरतील हो. पण नायट्रेट उकळून जात नाही. उलट पाण्याची वाफ होऊन पाणी कमी होतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे वाढल्यासारखंच. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ आहे का?"

माझ्या पोटात गोळा आला. आमच्या घरात नव्हते. भिंतीपलीकडे होते.

तिने मला समजावून सांगितले आणि मग मीही वाचून घेतले, ते आधी सांगते. नायट्रेट म्हणजे काही जगावेगळे विष नव्हे. शेतातला युरिया, उकिरडा, गोठा आणि संडासाचा शोषखड्डा यांतले नत्र जमिनीतल्या जंतूंकडून नायट्रेट बनते, पाण्यात विरघळते आणि पाण्याबरोबर खाली जाते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा आहे आणि दुसरा पाण्याचा साठा नसला तरी या बाबतीत सवलत नाही. धडधाकट मोठ्या माणसाला त्यापेक्षा थोडे जास्त झाले तर लगेच काही होत नाही. तान्ह्या बाळाचे तसे नाही. त्याच्या पोटात आम्ल कमी असते, तिथले जंतू नायट्रेटचे नायट्राइट करतात आणि ते रक्तात गेले की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते. ओठ, नखे निळसर दिसू लागतात, बाळ धापा टाकते, मलूल होते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९४५ साली कॉम्ली नावाच्या डॉक्टरने हे पहिल्यांदा दाखवून दिले. तिथल्या शेतघरांच्या विहिरींचे पाणी दुधात घालून बाळांना दिले जात होते. त्या आयासुद्धा पाणी उकळूनच देत असतील. बाळाच्या पोटात जंतू वाढलेले असले, त्याला जुलाब होत असले, तर धोका आणखी वाढतो. म्हणजे आमच्या पाण्यात दोन्ही वैरी एकत्र नांदत होते.

घरी आल्यावर ह्यांना सगळे सांगितले. हे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्यांना सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. हे आलं कुठून, असं त्या विचारतील ना?"

कुठून आले हे आम्हा दोघांनाही कळून चुकले होते. आमचा शोषखड्डा आणि वहिनींचा बोअर यांत अंतर किती, तर मी नंतर पावलांनी मोजले, जेमतेम पंचवीस फूट. घर बांधले तेव्हा त्यांच्याकडे बोअर नव्हता, आड होता, तोही पलीकडच्या बाजूला. मग आड आटला. २०१९ च्या उन्हाळ्यात त्यांनी नवा बोअर घेतला. पाणाड्याने तळहातावर नारळ उभा करून जी जागा दाखवली ती नेमकी आमच्या भिंतीलगतची. भूगर्भ जाणणारा माणूस बोलवा, असे तेव्हा कुणी म्हटले नाही आणि शोषखड्ड्याची आठवण तर मलाही झाली नाही. पाणी लागले म्हणून आम्ही भिंतीवरून पेढे खाल्ले. आणखी एक सांगते, म्हणजे माझा गुन्हा पुरता कळेल. नगरपरिषदेची मैलापाण्याची लाइन आमच्या रस्त्यावरून दोन वर्षांपूर्वीच गेली होती. जोडणी घ्यायची तर अंगणातली फरशी उकरावी लागणार, म्हणून आम्ही चालढकल करीत होतो. फरशी नवी होती हो!

संध्याकाळी मी वहिनींकडे गेले. बाळ नुकतेच दूध पिऊन झोपले होते. आधी त्याचे ओठ पाहिले, नखे पाहिली. गुलाबी होती. मग कागद दाखवला आणि सांगितले, की बाळाच्या दुधाला हे पाणी आत्तापासून वापरू नका. वहिनींचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "इतकी वर्षं आमचं पाणी प्यालात ताई, आत्ताच बरं नाव ठेवावंसं वाटलं?" मी म्हटले, "नाव तुमच्या पाण्याला नाही, आमच्या खड्ड्याला ठेवतेय." त्या काही बोलल्या नाहीत. लेक मात्र उठली आणि तिने उकळून ठेवलेले पातेले मोरीत ओतून दिले.

दुसऱ्या दिवशी बाळाला डॉक्टरांकडे नेले. सुदैवाने बाळ ठणठणीत होते. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, अंगावर पिणाऱ्या बाळाला पाण्यातल्या नायट्रेटचा धोका जवळजवळ नसतो, ते आईच्या दुधात फारसे उतरत नाही. तेव्हा आधी अंगावरचे दूध वाढवायच्या मागे लागा, वारंवार पाजा. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधावरच्या बाळाला चमचाभर पाण्याचीही गरज नसते, उन्हाळ्यातसुद्धा. (घुटी उगाळायला पाणी लागते, हे आपल्या लक्षातच येत नाही.) आणि वरचे दूध द्यावेच लागले तर तपासलेल्या पाण्यात द्या. नगरपरिषदेचा नळ आमच्याकडे चार दिवसांनी येतो. ते पाणी धरणाचे. मी त्याचाही नमुना दिला. नायट्रेट अगदी कमी निघाले. मग बाळासाठी तेवढी एक कळशी वेगळी ठेवली आणि तेच पाणी उकळून वापरू लागले.

आता हे एवढे पुराण मी का सांगितले? तर आपण बायका पाणी डोळ्यांनी आणि जिभेने पारखतो. गढूळ दिसले तर तुरटी फिरवतो, शंका आली तर उकळतो, डाळ शिजली नाही तर पाणी जड आहे म्हणतो. यात चूक काहीच नाही, पण प्रत्येक उपायाची हद्द असते. फडक्याने गाळले की कचरा जातो. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. उकळल्याने जंतू मरतात आणि जडपणाचा काही भाग पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर होऊन बसतो. मीठ, नायट्रेट, फ्लोराइड जिथल्या तिथे राहतात. जांभळ्या दिव्याच्या यंत्राचेही तेच, ते फक्त जंतू मारते. आर.ओ.च्या यंत्राने नायट्रेट आणि फ्लोराइड बरेच कमी होतात, पण त्याची जाळी जुनी झाली की ते कमी पडते आणि शुद्ध होते त्याहून जास्त पाणी बहुधा बाहेर टाकते. ते पाणी मोरीत सोडू नका, फरशी पुसायला घ्या. विक्रेता पेनासारखे यंत्र पाण्यात बुडवून एक आकडा दाखवतो, त्यावर जाऊ नका. त्यावरून क्षार एकूण किती एवढेच कळते. त्यातले नायट्रेट किती आणि जंतू आहेत की नाहीत, हे ते पेन सांगत नाही.

फ्लोराइडचे नाव आले आहे तर यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या भगिनींसाठी सांगते. तिथल्या काही गावांत खडकातूनच फ्लोराइड पाण्यात उतरते. शोषखड्ड्याचा त्यात दोष नसतो. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसले तर दंतमंजन बदलण्याआधी पाणी तपासून घ्या. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दीडच्या वर नको.

"आमचा बोअर दोनशे फूट आहे, एवढ्या खाली घाण कशी जाईल?" हे वहिनींच्या यजमानांचे म्हणणे. मलाही ते पटले असते. पण बोअर खोल असला म्हणजे पाणी खोलातलेच येते असे नाही. आपल्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर उभा आहे. हा पाषाण मातीसारखा पाणी गाळत नाही. वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत जे साठेल तेवढेच आपले पाणी, आणि भेगेतून आले ते न गाळता आले. बोअर घेताना वरच्या भागात जो पाइप घालतात, केसिंग म्हणतात तो, पक्क्या खडकात नीट बसवावा लागतो आणि त्याच्या भोवतीची फट सिमेंटने बुजवावी लागते. पाइपाच्या फुटांचे पैसे वाचवले की वरचे घाण पाणी पाइपाच्या बाहेरून सरळ खाली उतरते. वहिनींच्या बोअरला केसिंग होते वीस फूट, भोवती सिमेंट नाही, तोंड जमिनीलगत आणि शेजारीच धुणे धुण्याचा दगड. बोअर मारणाऱ्याशी बोलणी पुरुष करतात, पण मैत्रिणींनो, हा एक प्रश्न तुम्ही विचारा: केसिंग किती फूट आणि भोवती काय भरणार?

शोषखड्ड्यापासून विहीर किंवा बोअर निदान पन्नास फूट तरी दूर हवा, असे सांगतात. भेगांच्या खडकात तेही कधी कमी पडते. दाटीच्या कॉलनीत पन्नास फूट आणायचे कुठून, हा प्रश्न खराच आहे. म्हणूनच रस्त्यावरून मैलापाण्याची लाइन गेली असेल तर माझ्यासारखे फरशीकडे पाहत बसू नका.

आणि पाणी कमी झाले की ही सगळी दुखणी वाढतात. आमच्या कॉलनीत पूर्वी पस्तीस फुटांच्या आडाला अक्षय तृतीयेपर्यंत पाणी असे. मग नव्वद फुटांचे बोअर आले, मग दोनशेचे. आता कोपऱ्यावरच्या बंगल्याने चारशे फूट घेतला आणि त्या उन्हाळ्यात आमचा आणखी पंधरा दिवस आधी बसला. सगळ्यांचे नळ एकाच रांजणाला लावलेले, त्यात ज्याची नळी लांब तो शेवटपर्यंत ओढणार. लातूरला माझी नणंद राहते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले तेव्हा पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर. नणंद सांगते, त्या उन्हाळ्यात टँकर आला की हंडा भरला की नाही एवढेच बाई बघायची. पाणी कुठले, कसले, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. टंचाईत माणूस पाण्याची पारख विसरतो, ती अशी.

छपराचे पाणी जिरवता येते, हे आपण ऐकतो आणि सोडून देतो. मी हिशेब मांडला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला तर पंचावन्न हजार लिटरच्या वर झाले. थोडे वाया गेले तरी चाळीस हजार कुठे गेले नाहीत. मात्र गच्चीचे पाणी सरळ बोअरमध्ये सोडण्याचा आततायीपणा करू नका. कबुतरांची घाण, पालापाचोळा सगळे त्यात जाते. पहिल्या दोन-तीन पावसांचे पाणी बाहेर सोडायचे आणि नंतरचे वाळू-खडीच्या गाळणीतून घ्यायचे.

नमुना कसा न्यायचा, हे बऱ्याच जणी विचारतील. क्षारांच्या तपासणीला लिटरभराचा स्वच्छ कॅन चालतो, तो त्याच पाण्याने तीनदा खळबळून घ्यावा. जंतूंची बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच आणायची, घरची धुतलेली बरणी चालत नाही. नळाचे तोंड पुसून पाणी चार-पाच मिनिटे वाहू द्यावे, बुचाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नये, बाटली बर्फात ठेवून शक्य तो सहा तासांत पोचवावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या गावी आहेत. खेड्यात राहणाऱ्यांनी आधी ग्रामपंचायतीत विचारावे. जल जीवन मिशनमध्ये गावातल्याच पाच बायकांना पाणी तपासायला शिकवून पेटी द्यायची, अशी योजना आहे. नमुना वर्षातून दोनदा द्या, एक उन्हाळ्यात आणि एक पावसानंतर. नायट्रेट, फ्लोराइड, जडपणा आणि जंतू एवढे तरी बघायला सांगा.

ज्यांच्या घरी अजून आड किंवा विहीर आहे त्यांनी जंतूंसाठी टी.सी.एल. पावडर घालावी, पण अंदाजे नव्हे. हजार लिटरला अडीच ग्रॅम, असे प्रमाण आहे. विहिरीचा व्यास तीन मीटर आणि पाणी चार मीटर असेल तर सुमारे अठ्ठावीस हजार लिटर पाणी होते, म्हणजे सत्तर ग्रॅम पावडर. पाणी फार घाण असेल तर जास्त लागते. ती बादलीत कालवून पाच-दहा मिनिटे ठेवायची, चुना खाली बसला की वरची निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत बुडवून हलवायची. चुन्याचा गाळ विहिरीत टाकायचा नाही. तासभर तरी पाणी शेंदायचे नाही. पावडरचा डबा उघडा राहिला तर तिचा जोर जातो, तेव्हा गेल्या वर्षीची उरलेली पावडर वापरू नका. आणि पुन्हा सांगते, याने नायट्रेट जात नाही.

आमच्याकडे पुढे काय झाले? फरशी उकरली. जोडणी घेतली, शोषखड्डा उपसून मुरुमाने बुजवला. खर्च बराच झाला, पण त्याबद्दल हे एकदाही कुरकुरले नाहीत. वहिनींच्या यजमानांनी बोअरचे तोंड दोन फूट उंच करून भोवती सिमेंटचा ओटा बांधला आणि धुण्याचा दगड मागे हलवला. वहिनी मात्र आठ-दहा दिवस भिंतीशी आल्या नाहीत. नळी गुंडाळून ठेवलेली दिसायची. मग एका सकाळी नागपंचमीची दिंडं भिंतीवर झाकून ठेवलेली दिसली.

दिवाळीनंतर पुन्हा नमुना दिला. जंतू नाहीत. नायट्रेट सहासष्ट. खिडकीशी तीच मुलगी होती. म्हणाली, "इतक्या वर्षांचं मुरलंय काकू, एका पावसाळ्यात कसं जाईल?" बोअरचे पाणी आम्ही अजून धुण्याभांड्याला आणि झाडांनाच वापरतो.

बाळाचे उष्टावण झाले. खीर केली ती नळाच्या पाण्याची. परवा वहिनी भिंतीवरून विचारत होत्या, "ताई, एप्रिलच्या नमुन्याची बाटली आत्ताच आणून ठेवू का?" मी म्हटले, आत्ता नको, आदल्या दिवशी आणू, आणि या खेपेला दोन आणू. कोपऱ्यावरच्या बंगल्यात सून आली आहे, तिलाही दिवस गेलेत.